आहेराच्या चादरीतून गाळलेले वाक्य
सन १९७४ चा गुढीपाडवा आणि पाठोपाठची लग्नसराई. ते वाक्य गाळण्यास जबाबदार, आमच्या सोलापुरातील एका चादरीच्या दुकानाचे दोघे भागीदार. नव्या चादरीच्या खळीचा वास आला की ते सारे आठवते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी या भागीदारांनी पाडव्याला चादरींच्या विक्रीतून मदतनिधी काढला. माझा भाऊ मूळव्याध समजून दुखणे अंगावर काढत राहिला आणि त्याच रोगाने वारला होता. म्हणून प्रत्येक चादरीसोबतच्या चिठ्ठीवर ‘शौचावाटे रक्त गेल्यास डॉक्टरांना दाखवा’ असे छापण्याचे वचन मी त्यांच्याकडून घेतले. लग्नसराईत चिठ्ठीवर उरले ते केवळ दुकानाचे नाव. मी जाब विचारला तेव्हा धाकटे भागीदार हसून म्हणाले, “वकीलसाहेब, आहेराच्या चादरीत रक्ताची गोष्ट घालता व्हय? गिऱ्हाईक पळंल की.” निधी रुग्णालयात पोचला, हे मी आजही मान्य करतो. परंतु त्यानंतर ज्या घरांत मूळव्याध समजून दुखणे अंगावर काढल्याने माणसे गेली, त्या घरांना दोघांपैकी आज हयात असलेल्या भागीदाराने जाहीर उत्तर द्यावे.