साडेसहा किलोची तार

मॅडम गिटार परत घेऊन आल्या, तो जुलैचा पहिला शनिवार होता. तीन आठवड्यांपूर्वी त्याच गिटारीचे मी त्यांच्याकडून आठ हजार चारशे घेतले होते. दुकानात आम्ही दोघंच होतो. त्यांनी गिटार काउंटरवर ठेवली आणि डावा हात पुढं केला. तीन बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

“दादा, बोटं तशीच दुखतात. पाच मिनिटांच्या वर होत न्हाय.”

धाराशिवात माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. पेटी, तबला, संबळ आणि अलीकडं गिटार. सुनंदा मॅडम अणदूरच्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका. डी.एड.ला असताना त्या गिटार शिकल्या. मागच्या वर्षी चिकुनगुन्या झाला. ताप गेला, बोटांच्या सांध्यांचं दुखणं राहिलं. त्याच सुमारास त्यांचे यजमान मल्लिनाथ सर अर्धांगवायूनं पडले. गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवून गाणारा हा माणूस. आता ‘पाणी’ एवढा शब्दही तोंडातून निघत नव्हता. पण गाताना शब्द येत होते. सोलापूरच्या स्पीच थेरपिस्टनं सांगितलं होतं, रोज सलग वीस मिनिटं त्यांच्यासोबत गा, त्यातूनच बोलणं सुटेल. नुसत्या आवाजावर ते सुरू होत नसत. सरांच्या पेटीला दुसऱ्या कुणी हात लावला की ते तोंड फिरवत. राहिली गिटार. ती पाच मिनिटांत थांबत होती, आणि ती थांबली की सरही थांबत.

मी जूनमध्ये काय केलं होतं ते सांगतो. तार दाबायला किती जोर लागतो हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं. पहिली, तार पडद्यांपासून, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, किती उंच आहे. ती मी घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासून उतरवली होती. दुसरी, तारेची जाडी, म्हणजे गेज. तिसरी, स्केल लेंग्थ, म्हणजे दांडीच्या टोकाच्या पट्टीपासून घोडीपर्यंत तारेची मोकळी लांबी. मॅडमच्या जुन्या गिटारीची लांबी साडेपंचवीस इंच आणि पहिली तार बाराची, म्हणजे इंचाचे बारा हजारांश जाड. त्या तारेवर साडेदहा किलोचा ताण होता. मी त्यांना चोवीस इंचाची गिटार दिली आणि तिला दहाचा सेट लावला. ताण आला साडेसहा किलो. लांबी कमी म्हणून पडदेही जवळ आले, बोटं कमी ताणावी लागतात. हिशोब मी वहीत दोनदा केला होता.

आता पुन्हा केला. उंची मोजली, जाडी मोजली. सगळं बरोबर. ट्यूनर लावला तर तारा पार उतरलेल्या. मॅडम म्हणाल्या, एसटीत धक्के बसतात म्हणून सैल करून आणली. मी तारा लावल्या, स्वतः दाबून पाहिल्या. लोण्यासारख्या. मॅडमना वाजवून दाखवा म्हटलं, तर त्या लाजल्या. दुकान रस्त्यावर आहे. मीही आग्रह केला नाही. “सवय होईल,” म्हणालो. चिकटपट्ट्यांच्या त्याच हातानं गिटार उचलून त्या गेल्या. ते मला दिवसभर लागून राहिलं.

मंगळवारी मी अणदूरला गेलो. सर खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. डोळ्यांनीच मला बसा म्हणाले. त्यांच्या आई दारातच होत्या.

“तुमीच व्हय ते तारवाले?” त्या म्हणाल्या. “लई तारा तुटतात तुमच्या. आमच्या तुळशीच्या कट्ट्याला गुंडाळलेली तार बरी, दहा वर्सं झाली.”

तारा तुटतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

मॅडमनी गिटार घेतली आणि आधी त्या खुंट्या पिळायला लागल्या. दुकानातून जाताना ती सुरात होती. मी म्हटलं, कशाला पिळताय?

“सरांचा सूर पांढरी पाच हाय,” मॅडम म्हणाल्या. “गाणाऱ्याच्या सुरात तार लावायची, आमच्या घरात हेच चालत आलंय. एकतारी तशीच लावतात की.”

गिटारीची पहिली तार पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला, म्हणजे पांढरी तीनला असते. तिथून पांढरी पाच, मधली काळी पट्टी धरून, तीन सूर वर. तार तेवढी चढवली की ताण जवळजवळ दीडपट होतो. माझे साडेसहा किलो त्यांच्या हातात सव्वानऊ होत होते. जुनी गिटारही त्या अशीच लावत. ती पंधरा किलोवर होती. एकतारीची तार फक्त छेडायची असते, तिला बोटानं दाबावं लागत नाही.

खाली लावली तर? मॅडमनी तसं करून पाहिलं होतं. सर गप्प बसायचे.

यावर कॅपो असतो. दांडीवर बसवायचा रबरी चाप. तारेचा ताण तेवढाच राहतो, मोकळी लांबी कमी होते आणि सूर चढतो. मी तो नेला नव्हता. मग तारा पांढरी तीनला उतरवल्या, तिसऱ्या पडद्यामागं पेन्सिल आडवी ठेवली आणि दोन्हीकडून रबर बँडनं आवळली. एक तार थोडी खरखरत होती. सूर मात्र पांढरी पाच.

मॅडम वाजवू लागल्या. खंडोबाचं पद होतं. दुसऱ्या ओळीला सरांनी आवाज मिळवला. शब्द स्वच्छ होते. मी घड्याळ पाहत राहिलो. पाच मिनिटं गेली. अकरा गेली. बावीस मिनिटांनी मॅडमनी स्वतःहून हात थांबवला. सर थांबले नाहीत. उरलेलं कडवं त्यांनी एकट्यानं पूर्ण केलं. त्यांच्या आई दाराकडं तोंड करून बसल्या.

सप्टेंबरात मॅडमचा फोन आला. सर आता दहा-बारा शब्द गाण्याशिवाय बोलतात. पुढचं सांगता येत नाही, असं थेरपिस्ट म्हणतात.

तेव्हापासून मी मापं घेण्याआधी गिऱ्हाइकाला वाजवायला लावतो. लाजलं तर शटर अर्धं ओढतो.

जुनीच गिटार दहाच्या तारा आणि कॅपो लावून सव्वासात किलोवर आली असती, हे मी मॅडमना सांगितलं आणि नवी परत घ्यायची तयारी दाखवली. पडदे जवळ पडतात म्हणून त्यांनी नवी ठेवली. मागून नेऊन दिलेल्या कॅपोचे दोनशे ऐंशी त्यांनी मला दिले. आठ हजार चारशेंतले घोडी आणि तारांच्या मजुरीचे सहाशे मी त्यांना परत दिले.