कागद घालायचा दिवस

माझ्या मास्तरांबद्दल विचारायला लोक अजून येतात. मी आज चार ठिकाणी व्हायोलिन वाजवतो, घरी मुलांना शिकवतो, तर त्यांना वाटतं, ह्याच्याकडून गुरूचं काहीतरी गोड ऐकायला मिळेल. ऐका मग. शिकवायला मास्तर एक नंबर होते. त्यांच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. आणि त्या माणसावर मी बारा वर्षं डूख धरून होतो. अहो-जाहो जिभेला सवयीचं झालंय म्हणून करतोय. मनातल्या मनात मी त्यांना कधी एकदासुद्धा ‘अहो’ म्हटलेलं नाही.

उत्तनच्या बाजूला आमचं गाव. सगळे ख्रिस्ती, निम्मे मासेमारी करणारे, निम्मे शेतीवाले. गावाचा एक बँड होता, नऊ जणांचा. माझा बाप त्यात क्लॅरिनेट वाजवायचा. समुद्रावर जाणारा माणूस, पण कान असा की वसईकडच्या लग्नात एकदा ऐकलेली चाल होडी इकडच्या किनाऱ्याला लागेपर्यंत त्याच्या बोटांत बसलेली असायची. कागदावरचं नोटेशन मात्र त्याला वाचता येत नव्हतं. शाळेतच गेला नव्हता, तर नोटेशन कुठलं वाचणार!

आता आमच्याकडची रीत अशी की मिरवणुकीत वाजवणाऱ्याच्या वाद्यावर पितळेचा छोटा चिमटा असतो आणि त्यात कागद लावलेला असतो. कागद दिसला की तो शिकलेला वाजवणारा. नसला तर नुसता पिपाणीवाला. म्हणून कानावर वाजवणारेही कुठलातरी कागद लावायचेच. माझ्या बापानं वर्षानुवर्षं एकच जुना कागद लावला होता. सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी बोलत नव्हतं. गावात एवढं एकमेकांचं सांभाळून घेतलं जायचं.

मी अकरा वर्षांचा असेन. चर्चचा सण होता. मिरवणूक चर्चच्या दाराशी आली आणि मास्तर पायऱ्यांवर उभे होते. चर्चच्या माळ्यावरचं सगळं संगीत त्यांच्या हाताखाली. मुलांना व्हायोलिन शिकवायचे, स्वतः वांद्र्यापर्यंत वाजवायला जायचे. कोट घातलेला, केसांना तेल. त्यांनी हात वर करून अख्खा बँड थांबवला, खाली उतरले, माझ्या बापासमोर आले, चिमट्यातला कागद काढला, फिरवून सुलटा केला आणि परत लावला. वर म्हणतात कसे, “वा! डोक्यावर उभं राहून वाचता होय तुम्ही? मोठी विद्या हाय!”

गाव फुटून हसलं हो. शेजारपाजारचे, बापाच्या होडीवरचे, माझी सख्खी मावशी, सगळे. बापानं मान खाली घातली, मिरवणूक पूर्ण वाजवली, घरी आला, क्लॅरिनेट पेटीत ठेवलं आणि त्यानंतर मरेपर्यंत त्याला हात लावला नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्याच दिवशी मी ठरवलं, ह्याच गावापुढं, ह्याच सणाला, ह्याच माणसाचं नाक कापायचं. कसं, ते कळत नव्हतं. पण ज्या विद्येचा एवढा तोरा, ती आधी आपल्याकडं पाहिजे, एवढं अकराव्या वर्षीही कळलं.

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्याच दारात जाऊन उभा राहिलो. “मास्तर, मला शिकायचंय.” आईनं घरी मला बदडलं. म्हणाली, “लाज न्हाय का रे तुला?” बाप जाळं शिवत होता. तो एवढंच म्हणाला, “जाऊ दे त्याला. शिकू दे.”

पहिलं वर्षभर वाद्य हातात मिळतच नाही. नुसतं बाकावर बसायचं, हातानं ताल द्यायचा आणि कागदावरचं दो-रे-मी तोंडानं म्हणायचं. चुकलं की व्हायोलिनच्या गजाच्या काठीचा फटका बोटांवर. दहातली सहा पोरं ह्या वर्षातच पळायची. मी नाही पळालो. द्वेषात फार ताकद असते, हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो. गज कसा धरायचा, मनगट कुठं सोडायचं, मोठ्या जागेत सूर कसा शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा, हे सगळं त्यांनी मला जीव ओतून शिकवलं. कधी माझं चांगलं झालं की पाठ थोपटायचे. मला तेव्हा त्यांचा हात झटकावासा वाटायचा. झटकला मात्र कधी नाही. “देव बरं करो, मास्तर,” म्हणायचो आणि दात-ओठ खायचो.

असं करता करता लढाईचे दिवस आले. केरोसीन मिळेना, वांद्र्याची बोलावणी कमी झाली. मी विशी ओलांडली होती आणि माळ्यावर मास्तरांच्या शेजारच्या खुर्चीत बसत होतो. कागद उतरवून घेणं, स्टँडवर लावणं, लहान पोरांना ताल शिकवणं, सगळं माझ्याकडे आलेलं. मास्तर आता नवंच काहीतरी करायला लागले होते. आमच्यातल्या एखाद्याला म्हणायचे, “तिसरी ओळ मोठ्यानं म्हण. सगळ्यांना ऐकू दे.” मला वाटायचं, काय कडक शिस्त आहे म्हाताऱ्याची!

एका रविवारी माझ्या हातून चूक झाली. त्यांच्या स्टँडवर मी भलत्याच मिस्साचे, म्हणजे दुसऱ्याच दिवसाच्या प्रार्थनेचे, कागद लावले. वाजवणं सुरू झाल्यावर माझ्या लक्षात आलं. पण मास्तर शांतपणे त्या दिवसाचंच वाजवत होते. बरोबर जागा आली की पान उलटत होते. पुढच्या पानावर नजर टाकत होते. म्हणजे टाकल्यासारखं करत होते! त्यांना काही दिसतच नव्हतं. सगळं पाठ होतं आणि कागद नुसता दाखवायला होता.

काय सांगू तुम्हाला, मला माळ्यावरच आनंदानं उडी मारावीशी वाटली. घरी येऊन मी कोणालाही सांगितलं नाही, बापालाही नाही. बापावर तर माझा तेव्हा वेगळाच राग होता. हा माणूस दर रविवारी मिस्सा संपली की माळ्याच्या जिन्याखाली उभा राहायचा. मास्तर कठडा धरून खाली आले की वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलायचा, हसायचा, मग घरी यायचा. मला शिसारी यायची. ज्यानं तोंडाला काळं फासलं त्याचीच हांजी हांजी! मी मनात म्हणायचो, ठीक आहे, तुझ्यात पाणी नाही तर नाही. मी आहे.

सणाच्या दिवशी आमच्याकडे आणखी एक रीत होती. त्याला ‘कागद घालणं’ म्हणत. मिस्सा झाली, जेवणं झाली की मांडवात बाहेरगावचे मास्तर आपल्याबरोबर एखादा कोराकरकरीत, कुणी न ऐकलेला कागद आणायचे आणि यजमान गावाच्या मास्तरापुढं ठेवायचे. त्यानं तो तिथल्या तिथं वाचून वाजवायचा. गावाची इज्जत त्यावर. गेली दोन वर्षं आमचे मास्तर हसून म्हणायचे, “आता माझ्या पोरांनी वाजवायचं. मी पुष्कळ वाजवलं.” आणि मला उभं करायचे. लोक म्हणायचे, बघा, किती मोठं मन! मोठं मन म्हणे! आता मला कळत होतं ते मोठं मन कशानं झालंय ते.

त्या वर्षीच्या सणाला मी नवा सदरा घातला. मांडव भरलेला. वसईकडचे एक मास्तर आले होते. त्यांनी दोन पानांचा कागद काढला, स्टँडवर लावला आणि मान लववून बाजूला झाले. आमच्या मास्तरांनी नेहमीसारखं हसून माझ्याकडं हात केला.

मी उठलो. त्यांच्या पायाशी गेलो. वाकलो. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “न्हाय मास्तर. आज तुम्हीच. गुरू बसलेला असताना शिष्यानं आधी वाजवायचं, हे मला शोभत न्हाय.”

टाळ्या पडल्या! लोकांना वाटलं, काय संस्कार आहेत पोरावर! मास्तर म्हणाले, “अरे, तूच घे.” मी म्हटलं, “मांडवात तुमच्या हातचं दोन वर्षं ऐकलं नाही, मास्तर. गावाची इच्छा आहे.” गाव ओरडलं, “मास्तर! मास्तर!” मी स्वतः त्यांच्या हातात व्हायोलिन दिलं, स्वतः त्यांना स्टँडपुढं नेऊन उभं केलं.

त्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. गज तारेवर टेकवला. कागदाकडं तोंड करून उभे राहिले. मांडव गप्प झाला. मी मोजत होतो, एक, दोन, तीन. टेकवलेला गज पुढं सरकत नव्हता. ते मी डोळे भरून पाहिलं. खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यात तेवढा आनंद मला नंतर कशानंच झाला नाही. लग्नातही नाही.

मग त्यांनी व्हायोलिन खाली घेतलं आणि म्हणाले, “मला दिसत न्हाय. तीन वर्षं झाली.”

आता गाव हसेल, म्हणून मी वाट पाहत होतो. कसलं हसतंय! एक म्हातारी उठली आणि रडायलाच लागली. मग दुसरी. “एवढं सोसलं आणि आम्हाला कळू दिलं न्हाय!” वसईचे मास्तर पुढे झाले आणि त्यांनी त्यांना मिठी मारली. माझी तीच मावशी, बापाला हसलेली, ती त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीपर्यंत घेऊन गेली. कागद शेवटी मीच वाजवला. चांगला वाजवला. कोणी ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. माळ्याची किल्ली मागायची होती, आणि पडलेलं तोंड बघायचं होतं, दुसरं काय! ओटीवर ही वर्दळ. कोणी अंडी आणली होती, कोणी सुके बोंबील, कोणी केळी. मास्तर मध्ये बसून चहा पीत होते. माझा आवाज ऐकला तसे सगळ्यांना म्हणाले, “जरा आम्हाला बसू द्या.” लोक गेल्यावर त्यांनी माझा हात शोधून धरला.

“बरं केलंस बाबा,” म्हणाले. “काल रात्री मी तीन वर्षांनी झोपलो.”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“तुझा बाप,” म्हणाले. “तुला बोलला न्हाय? तीन वर्षांमागं मी किनाऱ्यावर बोंबील वाळवायच्या काठ्यांत अडकून पडलो. एका माणसानं उचललं. मला दिसत नव्हतं, कोण हाय ते कळेना. बोलायचं म्हणून मी त्यालाच विचारलं, तो क्लॅरिनेटवाला अजून रुसून बसलाय का रे? त्यानं हात धरून मला चर्चच्या दारापर्यंत आणलं आणि मग सांगितलं, मीच तो. तेव्हापासून दर रविवारी जिन्याखाली उभा राहतो आणि कानात विचारतो, मास्तर, आज सांगू का गावाला? एवढंच. मग हसतो आणि म्हणतो, बरं, पुढच्या रविवारी. एक रविवार चुकला न्हाय त्याचा. शनिवारपासून माझ्या पोटात अन्न ठरत नव्हतं. पायरी चढताना मी देवाला म्हणायचो, उतरायच्या आधी ने मला.” आणि माझा हात दाबून म्हणाले, “तू सोडवलंस मला. पोटच्या पोरानं केलं नसतं.”

किल्ली न मागताच मी उठलो. घरापर्यंत कसा चालत आलो, मला आठवत नाही. बाप अंगणात जाळं पसरून बसला होता. कालचं सगळं त्याला कळलेलं होतं. मी समोर जाऊन उभा राहिलो. बारा वर्षं मी त्याला भित्रा समजत होतो, आणि त्याच्यापुढं मी शेंबडं पोर निघालो होतो. मी म्हटलं, “बाबा, मी तुमच्यासाठी केलं.”

त्यानं वर पाहिलं. इतका राग मी त्याच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. कागद सुलटा केला होता त्या दिवशीही नाही.

“तुला कोनी सांगितलं होतं?” तो म्हणाला. “माझं होतं ते. माझं! मरेपर्यंत झुलवनार होतो मी त्याला. तीन वर्षं त्याच्या एकेका आठवड्याच्या धास्तीवर मी जगलो. आनि तू काय केलंस? गावाला त्याच्या पायाशी आनून बसवलंस.”

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यानं हातानं थांबवलं. जाळ्याचा धागा त्याच्या बोटांत तसाच राहिला होता. माझ्याकडं न बघता त्यानं विचारलं, “आता रविवारी मी कशाला उठू?”