पेक्तिचं खानदान आणि वुकोमानचा हंडा

आधी वुकोमानच्या मिशा फाटकापाशी आल्या, मग कोंबड्या पांगल्या, आणि बऱ्याच वेळाने मिशांमागून खुद्द वुकोमान उगवला. त्याने हात मिळवला तेव्हा त्याच्या लेकीला, दोब्रिलाला, मागणी घालायला आलेल्या तिहोमिरला वाटलं, आता उरलेलं आयुष्य डाव्या हाताने लिहावं लागणार.

"बेलग्रेडात करतोस काय?"

"शब्दकोशाच्या कचेरीत आहे, काका. दोन वर्षं 'पेक्ति', म्हणजे भाजणे, या जुन्या क्रियापदावर काम करतोय."

"एका शब्दावर? दोब्रिला, हा तुला खायला काय घालणार?"

सर्बियातल्या चाचकजवळच्या त्या गावात जावयाची परीक्षा एकच. आंबलेल्या आलुबुखारांचा हंडा चुलीवर चढवायचा, उकळी फुटेपर्यंत ढवळायचा, मग झाकण बसवून राकिया गाळायची. तळाला लागलं, तर दारूही गेली आणि मुलगीही.

"अरे, कणीक मळतोस का? दे इकडे!" वुकोमानने तिहोमिरच्या हातून ढवळायचा दांडा हिसकावला. दोब्रिलाचा चेहरा पडला.

घाबरला की तिहोमिरची जीभ सुटायची. "काका, आपण राकिया 'भाजतो' म्हणतो, ते या पेक्तिचंच पोर. मूळ शब्द कुणी लिहून ठेवलेला नाही. नातवंडांचे चेहरे पाहून पणजोबाचं नाक ठरवावं, तसा आम्ही तो जुळवलाय. घराणं मूळचं स्वयंपाक्यांचं. हिंदुस्थानात संस्कृतातला चुलतभाऊ 'पच्' अजून चुलीपाशीच आहे. इकडे रशियनांची भट्टी, चेक लोकांचं भाजलेलं मांस, आपली गुहासुद्धा त्याचीच."

"गुहा कोण भाजतं, मूर्खा?"

"तोंड भट्टीसारखं ना! रशियनांचं दुःखही त्यातलंच, जीव भाजतो म्हणून. बल्गेरियात त्याचीच झाली कमाई. आणि आपल्याकडे पेचाल्बा."

वुकोमानचा हात थांबला. पेचाल्बा म्हणजे पोटासाठी परमुलखात राबणं. त्याची तरुणपणाची वर्षं जर्मनीत विटा रचण्यात गेली होती. दोब्रिला चालायला लागली, ते त्याने फोटोत पाहिलं.

"दुःख आणि कमाई... एकाच घरातली?"

"सख्खी भावंडं, काका."

"मग? पुढं?"

पुढं करपल्याचा वास आला.

"बाबा!" दोब्रिला धावत आली. "दांडा कुणाच्या हातात आहे?"

वुकोमान दांड्याकडे असा बघत राहिला, की जणू तो शेजाऱ्याने गुपचूप हातात सरकवलाय.

"चूक माझी," तिहोमिर घाईने म्हणाला. "मीच बडबडत होतो."

"गप रे. करपवलं मी. आता तुला नापास करायला मला तोंड उरलं नाही." मिशा हलल्या, आत बहुधा हसू असावं. "जावईबापू, आधी चुलीतली लाकडं ओढा!"

तिहोमिरने सकाळपासून पहिल्यांदा छातीभर श्वास घेतला. करपट वासही त्याला अत्तरासारखा वाटला.

लग्न झालं. पाहुण्यांना दुकानातली बिअर दिली.