हॉल मोठा हाय

तात्या उजवा पंजा छातीवर थापटायचे आणि म्हणायचे, "आवाज इथं वाजला पाहिजे." आवाज ऐकायला माणसाला कान दिलेत, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. ऐकणं हा त्यांचा प्रांतच नव्हता.

तुमच्याही गल्लीत असा एक जण असेल. ऊस चांगला गेला की घर पाडून बंगला बांधणारा. आमच्या देवळाली प्रवऱ्यात तो मान माझ्या घरासमोरच्या तात्यांचा. पुण्यात कोणाचा तरी फ्लॅट बघून आले आणि ठरवून टाकलं, मधे भिंत नको. सोफा, जेवणाचं टेबल, गॅस, देव्हारा, वर जाणारा जिना, सगळं एकाच हॉलमध्ये. काकींनी मिरचीची फोडणी घातली की सोफ्यावरचे पाहुणे खोकत बाहेर यायचे. तात्या अभिमानाने सांगायचे, "ओपन हाय."

काकी म्हणजे त्यांची बायको. बंगल्याच्या आधीपासूनच त्यांना कमी ऐकू येत होतं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, मशीन लावा, उशीर करू नका, कानांची ऐकायची सवय मोडली की मग मशीनचाही पुरता उपयोग होत नाही. मशीन केवढं, तर शेंगदाण्याएवढं. पण तात्यांच्या घरची बाई कानात मशीन घालून हळदीकुंकवाला जाणार म्हणजे काय! "ती बहिरी न्हाई," ते म्हणाले, "हॉल मोठा हाय." हॉल मोठा कोणी केला, हे विचारायची सोय नव्हती. काकींना कीर्तनाची आवड, ते त्यांना नीट ऐकू यावं म्हणून स्पीकर घ्यायचे ठरले.

नगरच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. मला काकींनी सोबतीला घेतलं होतं. दुकानदार भला माणूस. गुळगुळीत फरशी, मोठाल्या काचा आणि उंच छत म्हटल्यावर आवाज घुमणार, असं त्याने समजावलं. मध्यम आकाराचे दोन घ्या, काकी बसतात तिथे जवळ ठेवा, खाली सतरंजी टाका आणि काचांना जाड पडदे लावा, एवढंच त्याचं म्हणणं. तात्यांनी विचारलं, "पडदे टांगायला माझा बंगला काय तमाशाचा तंबू हाय का?" दुकानदार मोठे स्पीकर दाखवायला लागला. त्याला दुकान चालवायचं होतं.

मग निवड सुरू झाली. लग्नाच्या वरातीत डीजेसमोर उभं राहून तात्यांनी जे ज्ञान मिळवलं होतं, ते सगळं त्यांनी पणाला लावलं. स्पीकरसमोर छाती काढून उभं राहायचं आणि छाती हलली तर माल चांगला. काकी स्टुलावर बसल्या होत्या. प्रत्येक वेळी तात्या त्यांच्याकडे वळून विचारायचे, "बरं वाजतंय ना?" ऐकू येतंय का, असं एकदाही विचारलं नाही. काकी नवऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या. ते खुललेलं दिसलं की मान डोलवायच्या, नाही तर तशाच बसायच्या. अशा रीतीने काकींच्या पसंतीने कपाटाएवढे दोन स्पीकर घरी आले.

सत्यनारायणाच्या दिवशी त्यांच्यावर कीर्तन लावलं. आवाज फरशीवर आपटला, काचांवर गेला, जिन्याने वर जाऊन परत खाली आला. बुवा काय सांगताहेत हे धडधाकट कानांनाही कळेना. भटजी हाताच्या खुणा करून पूजा सांगायला लागले. पाहुणे ताटं उचलून अंगणात गेले. काकी मात्र सोफ्यावर बसून होत्या. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, तर म्हणाल्या, "धडधड येती. शब्द न्हाई येत."

माझं डोकं फिरलं. तात्यांना बाजूला घेऊन चांगलं सुनावलं, की पुरे झाला हा तमाशा, बाईला मशीन आणा. ते हसतील असं वाटलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच हळू बोलले, "मशीन लावलं म्हंजे ती खरंच बहिरी झाली ना."

मला कीव आली, राग मात्र गेला नाही. भीती यांना आणि कान जायचे तिचे, हा कुठला न्याय? पुढे दोघांचं बोलणं म्हणजे तात्यांचं ओरडणं. चहा टाक, पाहुणे आलेत, पाठ दुखतीय, सगळं मला माझ्या ओट्याशी उभी असताना कळायचं. पाच हातांवर बसलेल्या काकींना कळायचं नाही.

गेल्या थंडीत तात्या झोपेतच गेले. दिवसकार्य आटोपल्यावर मुलीने आईला मशीन आणून दिलं. स्पीकर मांडववाल्याने नेले. वरातीतच शोभणारी वस्तू ती, जागेवर गेली.

परवा काकींकडे गेले. मशीनला उशीर झालाय, सगळं येत नाही. पण कुकरची शिट्टी येते, फाटकातून मारलेली हाक येते, जवळ बसून बोललं तर शब्द येतात. चहा झाल्यावर कप बाजूला ठेवून म्हणाल्या, "त्यांचा आवाज कसा हुता गं? मला आठवतच न्हाई. शेवटी शेवटी नुसते ओठ दिसायचे."

तात्यांचा एवढा राग मला त्यांच्या हयातीत कधी आला नव्हता.

"मोठा हुता, काकी," मी म्हटलं.

त्यांनी मशीनचा कान माझ्याकडे केला आणि पुढचं ऐकायला थांबल्या.