धुऱ्यावरचा देव

पवनीत नांगर घातला की जुनं शहर वर येतं. हातभर लांबीच्या विटा, खापरं, कधी एखादा मणी. त्याचं अप्रूप बाहेरून आलेल्यांना. आम्ही त्या विटांचे गोठे बांधले. जुन्या परकोटाला लागून आमची धानाची बांधी आहे, भाताचं खाचर म्हणा. तिच्या धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, कमळ कोरलेला एक दगड उभा होता. आमची बांधी कुठे संपते नि चुलतभावाची कुठे सुरू होते, ते त्या दगडावरूनच कळायचं.

बाबा गेले त्या उन्हाळ्यात चुलतभावाने तो उपटला. धुरा आमच्या अंगावर सरकवला आणि दगड नेऊन स्वतःच्या दारात पायरी म्हणून बसवला. आई जाब विचारायला गेली, तर तो कमळावर पाय रोवून म्हणाला, "कोणता दगड, काकू? अशे गोटे तं गावभर पडून आहेत." आई रडत घरी आली. याला त्याच दगडापुढे आडवा पाडीन, असं मी ठरवलं.

भांडून उपयोग नव्हता. गावचे शहाणे त्याच्याच ओट्यावर चहा प्यायचे. एका मंगळवारी तो बैलबाजाराला गेला तेव्हा मी पायरी धुतली, कमळाला तेल-शेंदूर माखला आणि नारळ फोडला. कुणाला काही सांगितलं नाही. सांगावं लागत नाही. शेंदूर लागलेल्या दगडाला आमच्याकडे कुणी नावगाव विचारत नाही.

संध्याकाळी तो परतला, तर दारात उदबत्त्या आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या. त्याने पाय उचलताच सगळ्या ओरडल्या, "देवावर पाय देऊन राहिला का रे?" तो धिप्पाड माणूस मागच्या गोठ्यातून, शेण तुडवत घरात शिरला. पुढे रोज तसाच शिरत राहिला. मी रोज देवाला पाणी घालायला जायचे, मुद्दाम. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत जेवण गोड लागायचं.

शेवटी म्हाताऱ्यांनीच त्याला सुनावलं, "देवाले त्याच्या जाग्यावर नेऊन दे. जागा त्या पोरीले विचार, पूजा तिचीच आहे." तो आमच्या दारात आला. "बाई, देव कोठी होता, दाखव."

"कोणता देव, दादा? अशे गोटे तं गावभर पडून आहेत."

त्याने मान खाली घातली. ती मला पोटभर पाहायची होती.

गाडी नको, देव खांद्यावरूनच जातो, असं म्हाताऱ्यांनी बजावलं. गावादेखत, अनवाणी, धापा टाकत त्याने तो धुऱ्यावर आणला. मी जुन्या खड्ड्यावर उभी राहिले. मग एक पाऊल त्याच्या बांधीत टाकलं आणि म्हटलं, "इथं होता." देवाच्या जागेवरून वाद घालायची त्याची छाती झाली नाही.

दगड उभा राहिला. आईने हळद वाहिली आणि ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "पाया पड."

तो पडला. सपशेल आडवा.