भर दुपारी भिंतीवर दिसणारी बाई

भूत घालवायला विज्ञानाच्या बाईंना बोलावतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती आणि मी सोलापुरात पाचवी ते सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवत होते. फळ्यावर कमी, हातांनी जास्त. रिकाम्या डब्यांचे कॅमेरे, सायकलच्या नळीतून पाण्याची कारंजी, चुंबक घासून केलेल्या सुईचं होकायंत्र असा सगळा संसार एका पत्र्याच्या पेटीत भरलेला असे. शिक्षकांच्या शिबिरात ही पेटी करमाळा तालुक्यातल्या एका मुख्याध्यापकांनी पाहिली. गावात त्यांना मोठे गुरुजी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. गावाचं नाव मात्र देत नाही. तिथली माणसं अजून आहेत.

गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, आमच्या शाळंत एक खोली हाय. तिच्यात भर दुपारी भिंतीवर उलटी मानसं चालत्यात."

मी हसले. गुरुजी हसले नाहीत.

"चालत्यात त्यांचं काय न्हाय," ते म्हणाले, "पन एक बाई हाय, ती चालत न्हाय. नुसती हुबी ऱ्हाती."

भुताचे पाय उलटे असतात हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. इथं तर अख्खी बाईच उलटी. गावानं ओळखलंही होतं तिला. ती नामदेवची बायको तुळसा. दुष्काळात नवरा-बायको लांबच्या कामावर खडी फोडायला गेले आणि नामदेव एकटाच परत आला. ती तिकडेच वारली, असं त्यानं सांगितलं. आता ती आपल्या पोरीला न्यायला आलीय, अशी गावाची खात्री. पोरगी म्हणजे हिरा, सातवीतली. नामदेवनं तिला घरी बसवलं होतं, शाळेतून तिचं नाव काढायचं ठरवलं होतं आणि स्थळ बघणं चालू होतं.

"लई हुशार हाय पोरगी," गुरुजी म्हणाले. "वर्गात परत आली तर शिकंल. न्हाय आली तर उन्हाळ्यात अक्षता पडतील. तुमी या आन् ते भूत काय हाय ते पोरांना दावा."

अंधारी खोली, कुठंतरी भोक, समोर पांढरी भिंत. मला तिथल्या तिथंच उत्तर कळलं होतं. सुट्टी टाकली आणि निघाले.

आमचं घर शुक्रवार पेठेत. बोलणं मराठी, पण आव्वाची, म्हणजे माझ्या आईची, काळजी नेहमी कानडीतून बाहेर पडे. टांग्यात पेटी चढवताना तिनं कपाळाला अंगारा लावला आणि "होगी बा," म्हणजे जाऊन ये, म्हणाली. विज्ञानाच्या बाईनं अंगारा पुसला नाही. इतकी शूर मी कधीच नव्हते.

सकाळची पॅसेंजर. खिडकीत बसाल तर कोळशाचे कण डोळ्यांत जाणार, नाही बसाल तर बाहेरचं काही दिसणार नाही. मी खिडकी घेतली. मोहोळ, माढा करत गाडी कुर्डुवाडीला बराच वेळ थांबते, तेव्हा चहा आणि गरम भजी तिथंच उरकून घ्यावीत, पुढं फारसं काही मिळत नाही. बार्शीच्या बाजाराहून परतणाऱ्या दोघी बायका माझी पेटी न्याहाळत होत्या. एकीनं विचारलं, "सुईन हाय व्हय तुमी?" मी म्हटलं, शाळेत शिकवते. "मग एवढी पेटी कशाला?" दुसरी म्हणाली. डब्यातले सगळे हसले, मीही हसले. प्रवासातलं माझं खरं हसणं बहुधा तेवढंच.

जेऊरला उतरले तेव्हा गुरुजींनी पाठवलेली बैलगाडी उभी होती. तुम्हाला त्या भागात जायचं असेल तर असं थंडीत जा. दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याएवढी, कणसं दाण्यात आलेली, वाऱ्याची सळसळ सतत कानात. गाडीवान बोलका होता. पिकं, बैल, पाऊस सगळं सांगून झालं. मग त्यानं विचारलं, "त्या खोलीत जानार व्हय तुमी?"

"हो."

"मग दुपारच्या आत जावा. न्हायतर दुपार टळल्यावर."

"मला भर दुपारीच जायचंय," मी म्हटलं. त्यानंतर गाव येईपर्यंत तो बैलांशीसुद्धा बोलला नाही.

संध्याकाळी गुरुजींच्या शेतावर हुरडा, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. इतका कोवळा हुरडा मी पुन्हा खाल्ला नाही. गुरुजींच्या बायकोला मी वहिनी म्हणू लागले होते. त्यांनी सांगितलं, की शाळेमागच्या ओढ्यापलीकडं एका बाभळीखाली नामदेव तुळसासाठी उतारा ठेवतो. आता भीतीनं निम्मं गाव ठेवतं. भाकरी, कालवण, कधी गुळाचा खडा.

"आन् सकाळी बगावं तर समदं गायब," वहिनी म्हणाल्या.

"तुमच्या भुताला भूक बरीच दिसते," मी म्हटलं. वहिनींनी कणसं भाजण्यातून मान वर केली नाही.

रात्र पडण्याआधी आम्ही नामदेवच्या घरी गेलो. हाडकुळा, मान खाली घालून बोलणारा माणूस. हिरा दाराशी उभी राहून माझ्या पेटीकडे बघत होती. मी समजावून सांगितलं, की भूतबित काही नाही, उद्या हिरा स्वतःच्या डोळ्यांनी बघेल आणि तिची भीती जाईल.

"तिला नगा नेऊ, बाई," नामदेव म्हणाला. "समद्या गावाला न्या. हिला नगा."

मला वाटलं, काय हा भित्रा बाप. हिरा मात्र शांतपणे म्हणाली, "मला बगायचंय."

दुसऱ्या दिवशी ती आपली आपणच आली. सकाळभर आम्ही शाळेच्या अंगणात डब्यांचे कॅमेरे केले. तळाला खिळ्यानं भोक, तोंडाला तेल लावलेला कागद. कागदावर लिंबाचं झाड शेंड्यावर उभं राहिलेलं दिसलं तशी पोरं ओरडायला लागली. मी जमिनीवर काठीनं रेघा ओढल्या: शेंड्याकडचा उजेड सरळ येतो आणि भोकातून खाली उतरतो, बुंध्याकडचा वर चढतो, म्हणून चित्र उलटं. पोरांना ते चटकन पटलं. हिरा डबा डोळ्याला लावून सगळ्यांत जास्त वेळ उभी होती.

"बाई, भाईर जे न्हाय, ते आत दिसंल का?" तिनं विचारलं.

"कधीच नाही. बाहेर असेल तेच आत दिसतं."

हे वाक्य मी सगळ्यांकडून म्हणून घेतलं. त्या वयाच्या मुलांना नियम एकदा मोठ्यानं म्हणायला लावला की तो बसतो, असा माझा अनुभव आहे. त्या दिवशी तो चांगलाच बसला.

खोलीच्या चौकटीला लिंबू-मिरच्या बांधलेल्या होत्या. दुष्काळात तिथं सरकारी धान्य ठेवत. घुशी येऊ नयेत म्हणून ओढ्याकडच्या खिडकीवर पत्रा ठोकलेला आणि त्याचा एक खिळा निसटलेला. तेच आमचं भोक. आत अजून जुन्या मिलो ज्वारीचा आणि सुकडीच्या पिठाचा कुबट वास होता. मी सातवीची पोरं आत घेतली, गुरुजींना बाहेर उभं केलं आणि दार लावलं.

आधी काहीच दिसत नाही. मग डोळे सरावतात आणि भिंतीवर काहीतरी हलायला लागतं. मला कारण ठाऊक होतं, रेघा मीच ओढल्या होत्या, तरी अंगावर सरसरून काटा आला. खाली निळं आभाळ, वर जमीन. जमिनीला पाय चिकटवून शेळ्यांचा कळप आवाज न करता सरकत गेला. झाडं खाली लोंबत होती. आपण बुडालो आहोत आणि जग वरून चाललं आहे, असं काहीसं वाटत होतं.

पांढरी टोपी घातलेले गुरुजी उलटे चालत आले आणि ठरल्याप्रमाणे त्यांनी हात वर केले, म्हणजे भिंतीवर खाली. अंधारात एकदम हशा फुटला. "गुरुजी वटवाघूळ!" कुणीतरी म्हणालं. मी मनातल्या मनात पेटी आवरायला घेतली. भूत गेलं होतं.

मग हसणं थांबलं, कडेकडेनं, एकेकाचं.

भिंतीच्या एका टोकाला, बाभळीशेजारी, वीतभर उंचीची बाई उभी होती. मघाशी नव्हती. मी स्वतःला सांगितलं, खोड असेल. तेवढ्यात त्या खोडानं डोक्यावरचा पदर सारखा केला. कुणीतरी माझ्या लुगड्याचा काठ घट्ट धरला.

"बाई," अंधारातून हिराचा आवाज आला, "भाईर असंल तेच आत दिसतं."

"हो."

"मग आय भाईर हाय."

मी काही बोलायच्या आत तिनं दार उघडलं. उजेड आला आणि भिंत कोरी पांढरी झाली. ती पळत गेली, दार मागं आपोआप लोटलं गेलं, आणि चित्र पुन्हा उमटलं. आम्ही कुणीच बाहेर गेलो नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही. आम्ही भिंतीकडे बघत राहिलो.

एक लहान आकृती त्या बाईकडे निघाली. पावलांचा आवाज नाही, हाक नाही. बाईनं दोन्ही हात पुढं केले, जवळ नको येऊस असे, आणि ती मागं सरकली. लहान आकृती थांबली.

"थांबली," एक पोरगी कुजबुजली. "बाई, ती खाली बसली."

थोड्या वेळानं मोठीही बसली. दोघींच्या मध्ये एका बैलगाडीची जागा. दोघी जमिनीला लोंबत, एकमेकींकडं तोंड करून. ओढ्यापलीकडं भर दुपारी गावातलं कुणी नजर टाकत नसे, नाहीतर ही गोष्ट केव्हाच उघडी पडली असती.

मी दार उघडलं तर बाहेर नामदेव उभा होता, धावत आल्यानं धापा टाकत.

त्यानं सगळं सांगितलं. खडीच्या कामावर तुळसाच्या अंगावर चट्टे दिसले, बोटं बधिर झाली. महारोग म्हणून मुकादमानं हाकललं. गावात कळलं असतं तर नामदेवच्या घरचं पाणी कुणी घेतलं नसतं, हिराशेजारी कुणी बसलं नसतं. म्हणून त्यानं बायको मेली असं सांगितलं. तिला मात्र राहवेना, म्हणून ती परत आली. ओढ्यापलीकडच्या पडक्या पालात राहायची आणि दुपारी शाळा दिसते तिथं उभी राहायची. हिरा घरी बसल्यावरही तिचं उभं राहणं सुटलं नव्हतं.

"तुमचं शास्त्र खरं हाय, बाई," नामदेव म्हणाला. "पन ती भूत हुती तवर बरं हुतं. भुताला समदं गाव भाकर घालत हुतं. मानसाला कोन घालनार?"

सातवीची सगळी मुलं ऐकत होती.

परतताना मी कुर्डुवाडीला उतरून बार्शीच्या छोट्या गाडीत बसले. ती गाडी इतकी सावकाश जायची, की मधेच उतरून पाणी पिऊन पुन्हा चढता यायचं. एरवी मला तिची गंमत वाटे, त्या दिवशी दात-ओठ खात बसले. बार्शीत ओळखीच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, सरकारी गोळ्या फुकट मिळतात, वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात, पण रोग थांबतो आणि लोक समजतात तसा शिवल्या-शिवल्या चिकटत नाही. गुरुजींना तसा निरोप धाडला आणि घरी आले.

आव्वानं विचारलं, भूत गेलं का? मी हो म्हटलं आणि जेवले नाही.

त्या प्रवासाचा मला अभिमान वाटावा की धास्ती, हे अजून ठरलेलं नाही. पेटी घेऊन पुढं कितीतरी गावं हिंडले, पण "बाहेर असेल तेच आत दिसतं" हे वाक्य मुलांकडून म्हणून घेताना दरवेळी क्षणभर थांबायची. जे दिसेल त्याचं करायचं काय, हे माझ्या पेटीत नव्हतं.

हुरड्याचे दिवस सरल्यावर गुरुजी कचेरीच्या कामाला सोलापुरात आले, तेव्हा आमच्याकडे चहाला थांबले. तुळसाच्या गोळ्या चालू झाल्या होत्या. नामदेव आता उघडउघड भाकरी नेत होता, कारण बाकी सगळ्यांचे उतारे बंद पडले होते. ठरत आलेलं स्थळ मोडलं होतं. हिरा आईजवळ बसते म्हणून तिनं शाळेची पायरी चढायची नाही, असा गावानं ठराव केला होता.

"म्हणजे गेलीच तिची सातवी," मी म्हटलं. मला रडू येत होतं.

"का म्हनून?" गुरुजी म्हणाले. "पायरी चढायची न्हाय एवढंच ठरलंय की. पोरं तिला पुस्तकं आन् धडे बाभळीखाली पोचवत्यात. आन् हजेरी मी दुपारी त्या खोलीत घेतो, दार लावून. हिराचं नाव आलं की घंटंचा एक टोल देतो. भिंतीवर ती हात वर करती. पोरं वरडत्यात, हजर!"

"आणि साहेबांनी विचारलं तर?"

"वर्गात हाय की ती. उलटी दिसती म्हनून काय झालं?"

आव्वाला मराठी सगळं कळायचं. तिनं डोळ्यांना पदर लावला. मी विचारलं, "आणि तुळसा?"

गुरुजींनी कपबशी खाली ठेवली.

"तीबी करती हात वर," ते म्हणाले. "तिचं नाव कुनी घेत न्हाय. तरीबी करती."