चौकशीचा फोन

अनंतराव लवाट्यांच्या पोटात गेली सहा वर्षं दुखत होतं आणि त्या दुखण्याचं नाव नम्रता गावंडे होतं.

अनंतरावांचा धंदा संस्थांना आणि लहानसहान कंपन्यांना ऑफिससाठी जागा पाहून देण्याचा. दलाल म्हटलेलं त्यांना खपत नसे, 'सल्लागार' म्हणा असा आग्रह असे, आणि म्हणूनच अख्खी शनिवार पेठ त्यांना दलाल म्हणे. पण माणूस कामाला चोख. जागा स्वतः टेपने मोजायची, कारण मालकाने सांगितलेले हजार फूट आणि प्रत्यक्ष पाय ठेवता येतील ते हजार फूट यांची पुण्यात सहसा गाठ पडत नाही. संडासात पाणी सोडून पाहायचं. समोरच्या चहावाल्याला मालकाचा स्वभाव विचारायचा. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन खेपा घातल्याशिवाय गिऱ्हाइकाला जागा दाखवायचीच नाही.

हे सगळं त्यांनीच नम्रताला शिकवलं. ती यवतमाळहून आली तेव्हा नारायण पेठ कुठे संपते आणि शनिवार कुठे सुरू होते हेही तिला कळत नव्हतं. चार वर्षं ती टेपचं दुसरं टोक धरून त्यांच्यामागे हिंडली. मग पाया पडली आणि खराडीत स्वतःचं ऑफिस थाटून बसली. अनंतराव एकदा 'सहज' तिकडे जाऊन आले. सातवा मजला, चहूकडे काचा, हाताखाली आठ माणसं. घरी आल्यावर बायकोला म्हणाले, "काचा पुसण्यातच दिवस जात असेल त्यांचा." त्या रात्री ते जेवले नाहीत.

तरी एक गोष्ट त्यांच्याकडे उरली होती, ती म्हणजे श्यामलाताईंची 'उभारी'. पक्षाघात झालेल्या माणसांना व्यायाम देऊन पुन्हा उभं करणारी ही संस्था. बावीस वर्षांत तिला चार जागा मिळाल्या, चारही अनंतरावांनी पाहून दिलेल्या. आता चौथ्या जागेची इमारत पाडून नवी बांधायची होती आणि दोन महिन्यांत जागा रिकामी करून द्यायची होती. श्यामलाताईंचा फोन आला.

"अनंतराव, या वेळी नम्रतालाही सांगितलंय हं. दोघांच्याही जागा बघू. राग नाही ना?"

"छे हो, राग कसला? चार स्थळं पाहावीतच माणसाने," अनंतराव म्हणाले आणि फोन ठेवून हातातला चष्मा इतक्या जोरात पुसला की काडी मोडली.

नम्रताने विश्रांतवाडीत बापूराव म्हणून एका मालकाच्या नव्या इमारतीतली तळमजल्याची जागा काढली. पायरी एकही नाही, रुग्णाची गाडी थेट दारापर्यंत. अनंतराव तिला न सांगता टेप घेऊन तिथे तीन वेळा जाऊन आले. खोट सापडेना. सांगितलेले अकराशे फूट, मोजल्यावर अकराशे चार भरले. त्या चार फुटांनी त्यांचा तिळपापड झाला. त्यांची स्वतःची जागा शनिवार पेठेत, पहिल्या मजल्यावर, आणि लिफ्ट अशी की चाकाची खुर्ची आत शिरायची तर आधी माणसाला उतरवावं लागेल. हे त्यांना नीट माहीत होतं. एरवी अशी जागा त्यांनी 'उभारी'ला दाखवलीसुद्धा नसती.

आता मालकमंडळींची एक जुनी रीत असते. संस्थेला जागा द्यायची म्हटली की आधीच्या करारातल्या दलालाला फोन करून चौकशी करायची. माणसं भाडं देतीलच, पण मुदत संपल्यावर उठतील का, हा खरा प्रश्न. त्याप्रमाणे बापूरावांचा फोन आला.

"अनंतराव, ही उभारी का काय म्हणत्यात ती. मानसं कशी हाईत?"

'उभारी'ने आधीच्या तिन्ही जागा ठरल्या तारखेला सोडल्या होत्या, वर भिंतींना रंग काढून. एवढं सांगितलं की काम झालं असतं. पण अनंतराव म्हणाले, "माणसं चांगलीच आहेत हो. फक्त जागा सोडायच्या वेळी जरा..."

"जरा काय?"

"जाऊ द्या. मी कशाला बोलू?"

संध्याकाळी बापूरावांनी नम्रताला नकार कळवला. अनंतराव बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

पण बापूरावांच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी ते दुसऱ्या एका दलालाला सांगितलं आणि त्याने ते दलालांच्या ग्रुपवर टाकलं. चारशे माणसांचा तो ग्रुप. चौथ्या दिवशी शनिवार पेठेतल्या जागेच्या मालकीण नंदाताई यांचा फोन.

"लवाटे, तुमची ती संस्था उठत नाही म्हणे? आणि म्हणे हे तुम्हीच सांगितलंत. मग आमच्याच गळ्यात का बांधताय?"

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात तो हा. पुढच्या दोन आठवड्यांत 'उभारी'ला पाच मालकांनी नकार दिला. श्यामलाताईंनी रुग्णांच्या घरी फोन करून व्यायाम काही दिवस बंद ठेवावे लागतील असं सांगायला सुरुवात केली. गेनबा म्हणून एक गृहस्थ नुकतेच काठी सोडून चार पावलं टाकायला लागले होते. त्यांच्या मुलीने विचारलं, "आता बंद केलं तर ते पुन्हा पलंगाला खिळतील ना?" हे श्यामलाताईंनी अनंतरावांनाच फोनवर सांगितलं, रडत रडत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नम्रता अनंतरावांच्या दारात उभी. हातात फाइल.

"सर, 'उभारी'च्या आधीच्या दोन मालकांकडून पत्रं आणलीत, जागा वेळेवर सोडली म्हणून. तिसरे मालक वारले. तो करार तुमच्यामार्फत झाला होता, तुम्ही दोन ओळी लिहून द्या. बापूराव म्हणतात, लवाट्यांनी लिहिलं तर देतो."

अनंतरावांनी घसा साफ केला. "ही आवई उठवली तरी कुणी?"

नम्रताने फाइल टेबलावर ठेवली. "बापूरावांनी मला नाव सांगितलंय, सर."

आत कुकरची शिटी झाली. अनंतराव पेनाचं टोपण शोधत राहिले, टोपण हातातच होतं.

"श्यामलाताईंना मी नाही सांगितलं," ती म्हणाली. "त्यांचा तुमच्यावर फार जीव आहे."

अनंतरावांनी लिहिलं. दोनाच्या सात ओळी झाल्या. तिने पत्र वाचलं, घडी घातली, "येते सर" म्हणाली आणि जिना उतरून गेली. ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

महिनाअखेरीस विश्रांतवाडीत 'उभारी'ची पूजा झाली. एकही दिवस व्यायाम बुडाला नव्हता. गेनबांनी दारापासून पाटापर्यंत नऊ पावलं टाकली, सगळ्यांनी मोजली. श्यामलाताई पेढ्यांचं ताट घेऊन आधी अनंतरावांकडे आल्या.

"नम्रता सगळ्यांना सांगतेय, लवाटे सरांच्या पत्रामुळे जागा मिळाली. आणि मी तुम्हाला सोडून तिच्याकडे गेले होते हो! मला माफ करा."

पन्नास माणसं त्यांच्याकडे कौतुकाने पाहत होती. नम्रता गेनबांना खुर्चीत बसवत होती, तिने मान वर करून पाहिलं आणि साधंसं हसली. अनंतरावांनी पेढा तोंडात घातला. तिचा इतका हेवा त्यांना कधीच वाटला नव्हता.